रजोनिवृत्तीचा संधिकाळ आणि भिडस्तपणा : एक दुर्लक्षित हेतू

प्रास्ताविक

चाळिशी ओलांडलेली स्त्री चिकित्सालयात येते, ती बहुधा स्वतःसाठी येत नाही. सासूबाईंच्या सांधेदुखीचे औषध, यजमानांच्या रक्तदाबाची तपासणी, दहावीतील मुलासाठी ब्राह्मीचे एखादे चूर्ण, एवढे सर्व उरकल्यावर उठता उठता ती म्हणते, "आता आलेच आहे, तर माझेही जरा पाहा." या 'जरा'मध्ये आठ महिन्यांची अनियमित पाळी, रात्री दोनला उडणारी झोप, अंगातून निघणाऱ्या वाफा, छातीतील धडधड आणि क्षुल्लक कारणावरून दाटून येणारे रडू, असे बरेच काही दडलेले असते. आपण नाडी पाहतो, शतावरी कल्प देतो आणि पुढील रुग्णास आत बोलावतो.

कसबा पेठेतील व्यवसायात अशा स्त्रिया आम्ही नित्य पाहतो. त्यांतील काहींना योग्य औषधानेही अपेक्षित उपशय का मिळत नाही, याचा विचार करताना एका गोष्टीकडे आमचे लक्ष गेले. या स्त्रियांना 'नाही' हा शब्द उच्चारता येत नाही. मराठीत या वृत्तीला भिडस्तपणा असा नेमका शब्द आहे. मन राखणे, मर्जी सांभाळणे, शब्द खाली पडू न देणे ही त्याचीच रूपे होत. आपण त्यास 'स्वभाव' म्हणून सोडून देतो. आमच्या मते रजोनिवृत्तीच्या संधिकाळात हा भिडस्तपणा व्याधीचा हेतू ठरतो, आणि हेतू म्हटला की निदानपरिवर्जन ही पहिली चिकित्सा होय. प्रस्तुत लेखात याच मुद्द्याचे विवेचन करावयाचे आहे.

संधिकाळाचे स्वरूप

आर्तवप्रवृत्तीचा काळ सुश्रुताचार्यांनी बाराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत सांगितला आहे, हे आपण जाणतोच. आधुनिक गणनेनुसार सलग १२ महिने पाळी न आल्यास रजोनिवृत्ती झाली असे मानतात. भारतीय स्त्रियांमध्ये ती सरासरी ४६ ते ४७ व्या वर्षी, तर पाश्चात्त्य देशांत ५१ व्या वर्षाच्या सुमारास येते. तत्पूर्वीची काही वर्षे म्हणजे आपला विषय असलेला संधिकाळ. या काळात स्त्रीबीजकोशांतील संप्रेरके एकाच दिशेने उतरत जात नाहीत. ती कधी अचानक वाढतात, कधी एकदम खाली येतात. म्हणूनच ४५ वर्षांवरील स्त्रीत केवळ एका दिवसाच्या संप्रेरक तपासणीवरून निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. वय, पाळीचा इतिहास आणि लक्षणे यांवरूनच निदान करावे लागते. पाळी सुरू असतानाही वाफा येऊ शकतात. अमेरिकेत १९९० च्या दशकात सुरू झालेल्या एका दीर्घकालीन अभ्यासाने २०१५ मध्ये दाखवून दिले, की वाफा व घाम यांचा त्रास मध्यमानाने ७.४ वर्षे टिकतो. 'चार-सहा महिन्यांत होईल कमी' असे आश्वासन आपण रुग्णेस देतो, ते या माहितीच्या प्रकाशात तपासून पाहिले पाहिजे.

आयुर्वेदाच्या दृष्टीने हा मध्यम वयातून वार्धक्याकडे जाण्याचा काळ. पित्तप्रधान अवस्था सरत असते आणि वाताचे प्राबल्य सुरू होत असते. दोन्ही दोष अस्थिर असल्यामुळे दाह, स्वेद, क्रोध ही पित्ताची आणि अनिद्रा, हृद्द्रव, भय, अंगमर्द ही वाताची लक्षणे एकाच रुग्णेत हातात हात घालून दिसतात. अशा काळात शरीराची सहनशक्ती घटलेली असते. पंचविसाव्या वर्षी जे जागरण, जी उपासमार, जो शब्दांचा मार शरीराने पचविला, तो आता पचत नाही. भिडस्तपणा जुनाच असतो. तो पेलण्याचे बळ मात्र उरलेले नसते.

भीड म्हणजे तेरा वेगांचे धारण

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात धारण न करण्याजोगे तेरा वेग सांगितले. मूत्र, पुरीष, शुक्र, अपान वायू, छर्दी, क्षवथू, उद्गार, जृंभा, क्षुधा, पिपासा, अश्रू, निद्रा आणि श्रमश्वास हे ते वेग. ही यादी समोर ठेवून भिडस्त स्त्रीचा दिवस तपासावा.

सर्वांचे झाल्याशिवाय तिला जेवता येत नाही. दुपारचे दोन वाजतात, हे क्षुधाधारण. रात्री ओटा आवरून, दूध विरजून, दुसऱ्या दिवशीच्या डब्याची भाजी निवडून ती सर्वांच्या शेवटी आडवी होते आणि पहाटे सर्वांच्या आधी उठते, हे निद्राधारण. पाहुणे बैठकीत असताना मध्येच उठणे तिला अवघड वाटते, हे मूत्रधारण. दोन जिने चढून आल्यावर हातातील पिशवी ठेवताच कोणी पाणी मागते आणि दम खाण्यापूर्वीच ती आत वळते, हे श्रमश्वासाचे धारण. दुखावणारे बोलणे कानावर पडते, डोळे भरून येतात आणि ती कांदा चिरायला घेते, हे अश्रुधारण. भीड ही अमूर्त मनोवृत्ती न राहता शरीरावर अशी दिवसातून अनेकदा उमटत असते.

आता या धारणाची शास्त्रोक्त फळे पाहावीत. क्षुधा रोखल्याने कार्श्य, दौर्बल्य, वैवर्ण्य, अंगमर्द, अरुची आणि भ्रम होतात. निद्रा रोखल्याने जृंभा, अंगमर्द, तंद्रा, शिरोरोग आणि डोळ्यांचे जडत्व येते. अश्रू रोखल्याने प्रतिश्याय, नेत्ररोग, हृद्रोग, अरुची व भ्रम, तर श्रमश्वास रोखल्याने गुल्म, हृद्रोग व संमोह सांगितले आहेत. मूत्रधारणाने बस्तिशूल, मूत्रकृच्छ्र व शिरःशूल होतो. ही लक्षणे एकत्र मांडली तर संधिकाळातील रुग्णा जी तक्रार घेऊन येते, तिच्याशी ती किती जुळतात हे वेगळे सांगावयास नको. काही लक्षणे वयाची असतात आणि काही धारणाची. दोहोंचा सरसकट 'पाळी जाण्याचा त्रास' असा एकच शिक्का मारल्यामुळे धारण तसेच चालू राहते व औषध निष्फळ ठरते.

कोणते वेग धरावेत?

येथे काही वैद्यबंधू आक्षेप घेतील. स्त्रियांना 'नाही' म्हणावयास शिकविणे म्हणजे घराघरांत कलह माजविणे नव्हे काय? सद्वृत्त, सेवा, दान यांचे माहात्म्य सांगणाऱ्या शास्त्रात याला स्थान आहे काय?

याचे उत्तर त्याच अध्यायात सापडते. अधारणीय वेगांनंतर आचार्य धारणीय वेग सांगतात. लोभ, शोक, भय, क्रोध, मान, निर्लज्जता, ईर्ष्या, अतिराग आणि परधनाची अभिलाषा हे मनाचे धारणीय वेग होत. वाणीच्या धारणीय वेगांत कठोर, अतिमात्र, चहाडीचे, असत्य आणि अवेळी बोलणे येते. या यादीत भय आणि असत्य भाषण या दोहोंचा समावेश आहे, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. भिडस्त स्त्री 'हो' म्हणते ते भयापोटी. कोणी रागावेल, नावे ठेवेल, प्रेम कमी करील असे ते भय असते. त्यापाठोपाठ ती जे 'मला काही त्रास नाही' म्हणते, ते असत्य असते. म्हणजे जो वेग धरावा तो ती सोडते आणि जे वेग सोडावेत ते धरते. शास्त्राचा क्रमच उलटा झालेला असतो. तो सुलटा करणे हेच चिकित्सेचे ध्येय असावे.

क्रोधही धारणीय वेगांतच आहे, हेही विसरता कामा नये. वीस वर्षे गप्प राहून एके दिवशी भांडी आपटणे ही भिडेची चिकित्सा नव्हे. तो दाबलेल्या वेगाचा उद्रेक होय. सौम्य, वेळेवर आणि सत्य बोललेला नकार मात्र सद्वृत्तात पूर्णपणे बसतो. सेवा आणि भीड यांतील भेद रुग्णेस समजावून देण्यासाठी आम्ही एक साधी कसोटी वापरतो. काम संपल्यावर मनात समाधान उरते की चीड, हे तिने पाहावे. समाधान उरले तर ती सेवा होय. चीड उरली तर ती भीड होती असे समजावे.

आधुनिक निरीक्षणे

हा विचार केवळ आपल्याच शास्त्रात आहे असे नव्हे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डाना जॅक यांनी १९९१ मध्ये स्त्रियांतील नैराश्यावरील ग्रंथात स्वतःचा आवाज दाबण्याची संकल्पना मांडली आणि पुढे तिच्या मोजमापासाठी प्रश्नावलीही तयार केली. नाते टिकावे म्हणून आपली गरज, मत व राग गिळणे असे त्या वृत्तीचे वर्णन आहे. फ्रॅमिंगहॅम येथील हृदयरोगविषयक प्रसिद्ध अभ्यासाच्या दुसऱ्या पिढीची माहिती २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. जोडीदाराशी मतभेद झाल्यावर मौन धरणाऱ्या विवाहित स्त्रियांत १० वर्षांतील मृत्यूचा धोका, मौन न धरणाऱ्या स्त्रियांच्या सुमारे चौपट आढळला. पुरुषांत तसे दिसले नाही. पिट्सबर्ग येथील संशोधकांनी २०२२ मध्ये मध्यम वयाच्या ३०४ स्त्रियांच्या मानेतील रोहिण्या तपासल्या, तेव्हा स्वतःला अधिक दाबणाऱ्या स्त्रियांत मेदाचे थर आढळण्याचे प्रमाण अधिक होते. या अभ्यासांतून संबंध दिसतो. कार्यकारणभाव सिद्ध झाला असे म्हणता येत नाही. तरीही अश्रू व श्रमश्वास यांच्या धारणाने हृद्रोग होतो हे आचार्यांचे निरीक्षण आठवल्यावाचून राहत नाही.

संप्रेरके घटली की स्त्रीची इतरांना खूश ठेवण्याची वृत्ती आपोआप गळून पडते, असे अलीकडे लोकप्रिय लिखाणात वाचावयास मिळते. हे सिद्ध झालेले नाही आणि आमच्या अनुभवासही ते उतरत नाही. संधिकाळ स्त्रीस मोकळे करीत नाही. सोसणे आता परवडत नाही एवढेच तो तिला जाणवून देतो. पुढचे काम तिने आणि तिला आधार देणाऱ्यांनी करावयाचे असते.

कसब्यातील घरे आणि सणवार

कसबा ही पुण्यातील सर्वांत जुनी वस्ती. ग्रामदैवत कसबा गणपती येथेच आहे आणि तांबट आळीत आजही तांब्यावर हातोडीचे ठोके पडतात. जुने वाडे पाडून त्या जागी इमारती उभ्या राहिल्या, तरी घरातील रीत बरीचशी वाड्यातीलच राहिली. वाड्यात चार जावा व शेजारणी मिळून जे करीत, ते आता दोन खोल्यांच्या सदनिकेत एकच बाई करते. ती स्वतः नोकरीसही जाते, मुलांच्या दहावी-बारावीचेही पाहते आणि सत्तरी ओलांडलेल्या सासू-सासऱ्यांचेही करते. केंद्र शासनाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामांत दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो. ही कामे करणाऱ्या पुरुषांचा जातो ८८ मिनिटे. वाडा गेला, त्यातील मदतीचे हात गेले. अपेक्षा मात्र जागच्या जागीच राहिल्या.

हे सर्वांत स्पष्ट दिसते ते भाद्रपदात. हरतालिकेचा कडक उपवास, दुसऱ्या दिवशी गणपतीची प्रतिष्ठापना, नंतर गौरींचे आवाहन, पूजन, विसर्जन, पुरणावरणाचा स्वयंपाक, सवाष्ण-ब्राह्मण, हळदीकुंकू आणि येणारा-जाणारा. वर्षा ऋतूत वाताचा प्रकोप आणि पित्ताचा संचय होत असतो. त्यात उपवास, तहान, जागरण व मूत्रधारण यांची भर पडते. गौरी-गणपतीनंतरच्या पंधरवड्यात आमच्याकडे या वयोगटातील स्त्रियांच्या तक्रारी ठळकपणे वाढतात. अतिरिक्त रक्तस्राव, चक्कर, अर्धशिशी आणि मूत्रदाह ही त्यांतील प्रमुख लक्षणे होत.

तपशील बदलून एक उदाहरण सांगतो. सत्तेचाळीस वर्षांच्या एका गृहिणीस सणानंतर दर वर्षी दोन-तीन आठवडे अनिद्रा व धडधड होत असे. हृदयाच्या व थायरॉइडच्या तपासण्या निर्दोष होत्या. औषधाने तात्पुरता उतार पडे. पुढच्या वर्षी सणाच्या महिनाभर आधी तिला व तिच्या यजमानांना एकत्र बसवून आम्ही कामांची यादी करावयास सांगितली. गौरींच्या सोळा भाज्या, कोशिंबिरी, पुरण ही सर्व कामे एकाच नावापुढे लिहिलेली पाहून यजमानच संकोचले. त्या वर्षी पुरणपोळ्या बाहेरून आल्या, भाज्या जावेने केल्या, यजमानांनी आरास केली व भांडी घासली, आणि हळदीकुंकवाला घरोघर बोलावणे न जाता मोजक्या सवाष्णी आल्या. गौरी जेवल्या, कोणी नावे ठेवली नाहीत, आणि त्या स्त्रीचे सणानंतरचे दुखणे पुष्कळ सौम्य राहिले. औषध तेच होते, हेतू मात्र कमी झाला होता. एका रुग्णेवरून सिद्धान्त होत नाही, हे मान्य. परंतु हेतू दूर करून पाहण्याचे धाडस आपण किती वेळा करतो, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

पुण्यातील एक मार्गदर्शक चरित्र

मध्यम वयात स्त्रीने आपला शब्द मिळविल्याचे उदाहरण शोधण्यास पुणेकरांना दूर जावे लागत नाही. रमाबाई रानडे यांचा जन्म १८६२ चा, विवाह १८७३ मधील. पतीच्या इच्छेने त्या शिकू लागल्या आणि त्यावरून घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष त्यांनी वर्षानुवर्षे सोसला. पतीचेही मन राखावयाचे आणि सासरच्या स्त्रियांचेही, ही कुतरओढ त्यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी' या पुस्तकात प्रांजळपणे नोंदविली आहे. १९०१ मध्ये न्यायमूर्तींचे निधन झाले, तेव्हा त्या चाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. त्यानंतर त्या सार्वजनिक कार्यात उतरल्या आणि १९०९ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास, पुणे सेवासदनाची स्थापना झाली. गोपाळ कृष्ण देवधर यांचे साहाय्य त्यांना लाभले. १९२४ मध्ये निधन होईपर्यंत रमाबाई या संस्थेचा आधारस्तंभ होत्या.

या चरित्राचा वैद्यकीय अर्थ लावण्याचा आमचा हेतू नाही. वैधव्य, पतीचा वारसा आणि त्या काळच्या सुधारणा चळवळीचे बळ हे सर्व त्यामागे होते. चिकित्सकाने त्यातून एवढेच घ्यावे, की आयुष्याचा पूर्वार्ध इतरांच्या मर्जीत गेलेल्या स्त्रीचा उत्तरार्धही तसाच जावा असा कोणताही नियम नाही. रमाबाईंनी कठोर वाणीचा आश्रय न घेता दृढता साधली, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. 'नाही म्हणायला शिका' हे शब्द ज्या रुग्णेस उद्धट वाटतात, तिला हे उदाहरण चटकन पटते.

रुग्णपरीक्षण : तिच्या 'हो'वर किती विसंबावे?

भिडस्त स्त्री घरात मन राखते, तशीच ती वैद्याचेही मन राखते. "गुण आहे ना?" असे विचारले की ती "हो, आहे की" म्हणते. काढा कडू म्हणून घेतलाच नसेल, तरी ते सांगत नाही. आपल्याला वाईट वाटेल ही तिला धास्ती असते. यामुळे निष्फळ औषध चालू राहते, आणि त्याहून गंभीर म्हणजे धोक्याची लक्षणे लपून राहतात. म्हणून प्रश्न विचारण्याची पद्धत बदलावी लागते. "गुण आहे ना?" याऐवजी "गेल्या आठवड्यात किती रात्री सलग झोप लागली?" असे विचारावे. "औषध घेता ना?" याऐवजी "किती वेळा घ्यायचे राहिले?" असे विचारावे, राहणे गृहीत धरले की खरे उत्तर मिळते.

नातेवाइकांसमवेत आलेल्या रुग्णेस थोडा वेळ तरी एकटीने भेटावे. आम्ही पुढील प्रश्न नेहमी विचारतो. घरात सर्वांत शेवटी कोण जेवते? दिवसा दहा मिनिटे आडवे होता येते काय? लघवीला जाणे लांबवावे लागते काय? शेवटचे मनमोकळे रडू कधी आले? एखाद्या कामास शेवटचे 'नाही' केव्हा म्हटले, आणि पुढे काय झाले? शेवटच्या प्रश्नावर पुष्कळजणी हसतात, काही रडतात, काही बराच वेळ गप्प राहतात. तिन्ही उत्तरे निदानास उपयोगी पडतात.

त्याचबरोबर प्रत्येक लक्षण भिडेच्या वा वयाच्या खाती टाकण्याचा मोह टाळावा. दर तासाला पॅड बदलावे लागेल असा रक्तस्राव, दोन पाळ्यांच्या मधला किंवा संबंधानंतरचा रक्तस्राव, आणि १२ महिने पाळी बंद राहिल्यानंतर दिसलेला एक डागसुद्धा स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठविण्यास पुरेसा आहे. दुखणे अंगावर काढणाऱ्या स्त्रीस आपणही अंगावर काढू देऊ नये. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया पांडुग्रस्त आढळल्या. तेव्हा थकवा व धडधड यांची चिकित्सा करण्यापूर्वी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासणे हे कर्तव्यच आहे.

चिकित्सा

औषधयोजना वाचकांस परिचित असल्याने तिचा विस्तार करीत नाही. पित्तप्रधान अवस्थेत शतावरी, आमलकी, यष्टिमधु. वातप्रधान अवस्थेत अश्वगंधा, जटामांसी, पादाभ्यंग, शिरोऽभ्यंग व अग्निबल पाहून घृतपान ही दिशा सर्वमान्य आहे. मात्र रक्तदाब असलेल्या रुग्णेत यष्टिमधु दीर्घकाळ देऊ नये. थायरॉइडची औषधे घेणाऱ्या किंवा यकृताचा विकार असलेल्या रुग्णेत अश्वगंधा जपून योजावी.

खरी उपेक्षा होते ती सत्त्वावजयाची. चरकाचार्यांनी दैवव्यपाश्रय व युक्तिव्यपाश्रय यांच्या बरोबरीने त्याची गणना केली आणि अहितकर विषयांपासून मनास आवरणे असे त्याचे स्वरूप सांगितले. धी, धृती व स्मृती यांचा भ्रंश म्हणजे प्रज्ञापराध. स्वतःचे दुखणे विसरून जाण्याची सवय हा स्मृतिभ्रंशाचाच एक प्रकार नव्हे काय? चिकित्सालयात शक्य होईल असा क्रम आम्ही पुढीलप्रमाणे ठेवतो.

पहिला आठवडा : काहीही बदलावयाचे नाही. मनाविरुद्ध म्हटलेला प्रत्येक 'हो' आणि त्या वेळी धरलेला वेग वहीत नोंदवावयाचा. नोंद पाहिल्यावर रुग्णेस स्वतःच आश्चर्य वाटते.

दुसरा आठवडा : शरीराचे वेग प्रथम मोकळे करावयाचे. ठरल्या वेळी जेवणे, वेग येताच लघवीस जाणे, दुपारी पंधरा मिनिटे टेकणे. येथे कोणालाही नकार द्यावा लागत नाही, म्हणून हे जमते आणि लक्षणांत उतार पडू लागतो.

तिसरा व चौथा आठवडा : तत्काळ 'हो' न म्हणता वेळ मागण्याचा अभ्यास. "विचार करून संध्याकाळी सांगते" हे एक वाक्य पुरेसे असते. बहुतेक भीड त्या क्षणापुरती असते. क्षण टळला की बुद्धी कामास लागते.

त्यानंतर : ज्या व्यक्तीचे भय सर्वांत कमी, तिला एका लहान गोष्टीत नकार. "आज जमणार नाही, उद्या सकाळी करते." कारणांची रांग लावू नये, कारणे जितकी अधिक, तितका नकार लेचापेचा होतो. सासूबाईंशी बोलण्याचा प्रसंग सर्वांत शेवटी यावा.

नकारानंतर रुग्णेस काही दिवस अपराधी वाटते. हे आधीच सांगून ठेवावे, अन्यथा ती त्यास चुकीची खूण समजून माघार घेते. विरेचनकाळात काहीशी ग्लानी येते म्हणून आपण कर्म अर्ध्यावर सोडत नाही, तसेच हे समजावे. घरची मंडळी प्रथम कुरकुरतात व पुढे बहुधा जुळवून घेतात. शक्य असल्यास यजमानांना एकदा बोलावून, ही तिची लहर नसून पथ्य आहे, असे वैद्याने स्वतः सांगावे. आपल्या समाजात पथ्याला मान आहे. 'डॉक्टरांनी सांगितले आहे' या आधारावर पहिले काही नकार सहज निभावतात, पुढे त्या आधाराची गरज राहत नाही.

मर्यादा

जेथे मारहाण, धमकी किंवा पैशांची कोंडी आहे, तेथे भिडस्तपणा हा शब्दच लागू पडत नाही. तेथील 'हो' जीव वाचविण्यासाठी असतो. अशा स्त्रीस नकाराचा अभ्यास देणे धोक्याचे आहे. तिला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याची व १८१ या महिला साहाय्य क्रमांकाची माहिती गुप्तपणे द्यावी. सतत खिन्नता, कशातच रस न वाटणे, जगणे नकोसे वाटणे अशी लक्षणे दिसल्यास विलंब न करता मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. शासनाची १४४१६ ही टेलिमानस सेवा २०२२ पासून विनामूल्य उपलब्ध आहे. रुग्णेस पाठविणे यात वैद्याचा कमीपणा नाही.

औषधविक्रेत्या बंधू-भगिनींसाठी

कित्येक स्त्रियांचा पहिला सल्लागार औषधांच्या दुकानातच भेटतो. सणाच्या तोंडावर पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या मागणाऱ्या स्त्रिया प्रत्येक विक्रेत्याने पाहिल्या आहेत. अनेकदा ही मागणी तिची स्वतःची नसून घरातील सोवळ्याओवळ्याची भीड असते. संधिकाळात पाळी आधीच अनियमित असते, सोबत रक्तदाब, स्थूलता किंवा अर्धशिशी असू शकते, आणि काही स्त्रियांत या गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. चिठ्ठीवाचून त्या देऊ नयेत. अशोकारिष्टाच्या बाटल्या महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने नेणारी स्त्री दिसल्यास तपासणी झाली आहे काय, एवढे अवश्य विचारावे. आणि घरातील सर्वांची औषधे नेणाऱ्या गिऱ्हाइकास हळूच एक प्रश्न करावा, "ताई, यात तुमचे कोणते?" दुकानातील गर्दीत या प्रश्नास अर्धे मिनिटही लागत नाही.

उपसंहार

रजोनिवृत्तीचा संधिकाळ हा व्याधी नव्हे, वयाची एक अवस्था आहे. या अवस्थेत जुना हेतू नव्या बळाने व्याधी निर्माण करतो. भिडेपोटी धरलेले क्षुधा, निद्रा, अश्रू व श्रमश्वास यांचे वेग मोकळे करणे आणि भय व असत्य यांना आवर घालणे, एवढाच या लेखाचा सारांश आहे. 'भीड ही भिकेची बहीण' असे आपल्याकडे म्हणतात. ती अनेक दुखण्यांचीही बहीण आहे, असे आम्ही जोडू इच्छितो. वाचक वैद्यांनी आपल्या रुग्णपत्रिकेत प्रकृती, अग्नी व कोष्ठ यांच्या खाली 'वेगधारण' असा एक रकाना वाढवावा, तो चाळिशीपुढील प्रत्येक रुग्णेच्या बाबतीत भरावा आणि आपली निरीक्षणे या अंकाच्या वाचकांपुढे मांडावीत, अशी आमची नम्र सूचना आहे.